सायकलच्या टायरची साइड पारखून घ्या

दुधाचे कॅन, चाऱ्याचा भारा किंवा भाजीची पोती सायकलवरून नेणारे शेतकरी बंधू नवा टायर घेताना बहुधा नक्षी किती खोल आहे तेवढेच पाहतात. मात्र ओझ्याच्या सायकलचा टायर पुष्कळदा नक्षी झिजण्यापूर्वीच साइडला फुटतो. सकाळी वाटेत असे झाल्यास दूध संकलनाची वेळ चुकते व दूध नासण्याची भीती असते. म्हणून टायरची साइड पाहूनच खरेदी करावी.

टायरमधील हवेचा दाब आतील तिरप्या दोऱ्यांचे थर धरून ठेवतात. साइडचे रबर हे या दोऱ्यांचे पांघरूण होय. चाकाच्या प्रत्येक फेरीत साइड दबते आणि पुन्हा सरळ होते. पांघरुणानुसार साइडचे मुख्यतः तीन प्रकार आढळतात.

१) जाड काळी साइड : या रबरात काजळी मिसळलेली असते. काजळीमुळे उन्हाचा परिणाम कमी होतो, तर जाडीमुळे दगडांच्या घासण्यापासून दोरे वाचतात. टायर जड असला तरी ओझ्यासाठी हाच निवडावा.

२) तपकिरी साइड : यात काजळी नसते. टायर दिसायला सुंदर असतो, पण उन्हात लवकर भेगाळतो.

३) पातळ साइड : दोऱ्यांवर रबराचा पातळ थर असतो. टायर हलका असून डांबरी रस्त्यावर चांगला पळतो. मुरमाड वाटेवर मात्र दोरे लवकर कापले जातात. सुती दोरे ओलाव्याने कुजतात, नायलॉनचे कुजत नाहीत.

टायर टिकण्यासाठी पुढील काळजी घ्यावी.

• हवा साइडवर छापलेल्या दाबानुसार भरावी. कमी हवेत ओझे नेल्यास साइड जास्त दुमडते व दोरे तुटतात.

• ब्रेकचे रबर रिमवरच टेकावे, टायरला घासू नये.

• डिझेल, रॉकेल लागल्यास रबर फुगून मऊ पडते. साबणाच्या पाण्याने लगेच धुवावे.

• सायकल सावलीत ठेवावी.

• साइडचे दोरे उघडे पडल्यास किंवा फुगवटा आल्यास टायर बदलावा. आतून जुन्या टायरचा तुकडा लावून रिकामी सायकल घरी आणता येईल, परंतु त्यावर ओझे नेऊ नये.

ओझ्याचा बराचसा भार मागील चाकावर येतो. त्यामुळे एकच नवा टायर घेणे शक्य असल्यास तो मागे बसवावा.