सीतेच्या आसवांचा फोटो

कासच्या पठारावर भाद्रपदात सीतेची आसवं फुलतात. निळंजांभळं फूल जेमतेम नखाएवढं. ओल्या मातीतल्या इवल्या पिशव्यांनी ही वनस्पती सूक्ष्म जीव पकडते. मॅक्रो लेन्सने हे फूल सेन्सरवर मूळ आकारात टिपायचं, तर एफ/८ला साधारण १ मिलिमीटर जाडीचाच पट्टा स्पष्ट येतो. पाकळीची कड रेखीव, मागचं सगळं धूसर! छिद्र एफ/२२पर्यंत बारीक केलं की पट्टा रुंदावतो, पण प्रकाशाच्या विवर्तनामुळे अख्खं चित्रच मऊ पडतं. त्यापेक्षा एफ/११ला थांबून कॅमेरा पाकळीला समांतर धरणं मला जास्त भरवशाचं वाटतं. वारा पडलेला असेल तेव्हाच क्लिक करा. आणि कृपा करून पायवाट सोडू नका. तिथे खडकावर मातीचा थर फार पातळ आहे.