मिनिटाला साठ शब्द

पिंपळनेरच्या पुढे, पांझरेच्या खोऱ्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मॅडम फळ्यावर अहिराणी लिहितात, असं कानावर आलं. सांगणाऱ्याच्या सुरात तक्रार होती. ‘पगार मराठी शिकवायचा घेतात ना?’ तेवढ्यावरूनच मला तिथे जावंसं वाटलं.

शाळा दोन शिक्षकी. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी मॅडमकडे. परिपाठ, हजेरी, फळ्यावर तारीख-वार हे सगळीकडे होतं तसं झालं. मग मॅडमनी विचारलं, ‘काल घरी काय झालं?’ शाळेच्या भिंतीमागेच कांदाचाळ. तिचा उग्र वास खिडकीतून थेट बाकांपर्यंत येत होता, तेव्हा उत्तर कशाबद्दल असणार हे ठरल्यासारखंच होतं. एक पोरगा उठून म्हणाला, ‘कांदाले भाव मियना नही.’

मॅडमनी ते जसंच्या तसं फळ्यावर उतरवलं. वर्गानं एका दमात वाचलं. अडखळायला वाक्य परकं थोडंच होतं! त्याखाली दुसरी ओळ आली: ‘कांद्याला भाव मिळाला नाही.’ आता काय काय बदललं ते शोधायचं. ‘ले’चा ‘ला’ झाला, ‘नही’चा ‘नाही’ झाला, हे पटापट सापडलं. ‘कांद्या’पाशी गाडी अडली. ‘द’ला ‘य’ कसा चिकटतो ते मॅडमनी खडूनं हाताएवढं मोठं काढून दाखवलं, मग पोरांनी बोटानं हवेत गिरवलं. शेवटी उरला ‘मियना’ आणि ‘मिळाला’.

इथे खरी मेख आहे ती ‘ळ’ची. अहिराणीत त्याचा बहुतेक ठिकाणी ‘य’ होतो. डोळ्याचा डोया, काळ्याचा काया. घरी जे अक्षर कानावरच पडत नाही ते पुस्तकात ओळखायचं आणि वर उच्चारायचंही.

खिडकीजवळ दोन वेण्या घातलेली तिसरीतली एक मुलगी धडा वाचत होती. बोट ओळीखालून सरकत होतं. ‘आभाळ’ या शब्दाखाली ते क्षणभर थांबलं आणि ती म्हणाली, ‘आभाय’. पुढे गेली. त्या मुलीचा मी नंतर फार विचार केला. ती आ-भा-ळ असं अक्षराला अक्षर जोडत असती, तर ‘आभाय’ म्हणालीच नसती. तिनं शब्द पाहिला, तो तिला कळला आणि तिच्या तोंडून तो तिच्या घरचा होऊन बाहेर पडला. वाचन म्हणजे आणखी काय असतं? मॅडमनी तिला मध्येच टोकलं नाही. परिच्छेद संपल्यावर फक्त म्हणाल्या, ‘पुस्तकात कसं लिहिलंय, परत बघ बरं.’

सरांचं म्हणणं वेगळं. नोकरीची बरीच वर्षं झालेला, बाराखडीवर श्रद्धा असलेला माणूस. ‘आधी बाराखडी पक्की पाहिजे, मग बाकीचे लाड,’ हे त्यांनी मला दोनदा ऐकवलं. त्यात तथ्य आहेच. ‘कि’मधली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि नंतर उच्चारायची असते, हे कुणीतरी बसून शिकवल्याशिवाय येत नाही. पण सगळी बाराखडी संपेपर्यंत वाचायला एकही अर्थाचा शब्द द्यायचा नाही, हा हट्ट कशाला? फलटणला शिक्षणतज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी थोडी अक्षरं आणि थोडे स्वर घेऊन लगेच शब्द वाचायला लावले, त्याला किती काळ लोटला.

सरांच्या खिशात मात्र आकडा तयार होता: मिनिटाला साठ शब्द. निपुण भारत अभियान 5 जुलै 2021 ला सुरू झालं, त्यातलं तिसरीच्या अखेरचं हे लक्ष्य. अर्थ समजून, मिनिटाला किमान 60. बोलताना ‘अर्थ समजून’ हे गळतं आणि साठ तेवढे उरतात. घाई का आहे तेही कळतं. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं 2022 मध्ये 16.3 टक्के होती, 2024 मध्ये 23.4. म्हणजे मोजायला हवंच.

वह्या पाहिल्या. अक्षर मोत्यासारखं! एका मुलाला त्याचंच शुद्धलेखन वाचायला सांगितलं, तर तोंड पाठ केलेल्या तिसऱ्या ओळीवर आणि बोट पहिल्यावर. ही चित्रकला झाली. म्हणून मॅडम आठवड्यातून काही वेळा फळा पुसून टाकतात आणि मनातलं लिहायला लावतात. त्याच मुलानं लिहिलं, ‘मना बा पिपळनेरले गया.’ लाल पेन नाही. ‘गावाचं नाव मोठ्यानं म्हण. नाकात काय वाजलं?’ त्यानं तीनदा म्हटलं आणि हसत ‘पि’वर टिंब दिलं.

भिंतीवर शब्दांच्या पट्ट्या होत्या: रोप, वाफा, गोणी, लिलाव, गोल्टी. गोल्टी म्हणजे बारका कांदा, हे पोरांनीच मला समजावलं.

एक गोष्ट मात्र खटकली. मागे बसलेली दोन मुलं दिवसभर जवळजवळ गप्प होती. पश्चिमेकडच्या पाड्यांवरची, घरी कोकणी बोलणारी (समुद्राकाठची नव्हे, कोकणा आदिवासींची). त्यांना अहिराणी ही बाजाराची भाषा. म्हणजे फळ्यावरची पहिली ओळसुद्धा त्यांची नाहीच. मॅडमना विचारलं. ‘मला ती बोली येत नाही. चौथीतली एक मुलगी सांगते, मी लिहून घेते. पण ती पुढच्या वर्षी पाचवीला जाईल,’ त्या म्हणाल्या. राज्य भाषा शिकवायचं प्रशिक्षण देतं, मुलांची भाषा शिकायचं कोण देणार?

दुपारी सर मोबाइलवर वेळ लावून तिसरीची चाचणी घ्यायला आले. वेण्यांची मुलगी पुन्हा वाचायला उभी राहिली. पुन्हा आभाय. मिनिट संपल्यावर सरांनी कागदावर 54 लिहिलं.

‘पंचावन्न,’ मॅडम म्हणाल्या.

‘आभाय धरायचं?’

‘अर्थ विचारा तिला.’

सरांनी विचारला. मुलीनं खिडकीबाहेर वर बोट दाखवलं आणि आज पाऊस येणार नाही, असंही सांगून टाकलं. सरांनी पेन्सिलीनं 54 च्या शेजारी कंसात एक टिंब दिलं. ‘केंद्रप्रमुखांना विचारून सांगतो,’ म्हणाले आणि पुढचं नाव पुकारलं.