सारथ्यावाचून रथ

रथ कितीही भक्कम असला आणि त्याचे घोडे कितीही चपळ असले, तरी सारथी कुशल नसेल तर तो रथ मुक्कामी पोचेल याची शाश्वती नाही. म्हणूनच महाभारतातील अर्जुनाने अफाट सैन्य नाकारले आणि श्रीकृष्णासारखा सारथी मागून घेतला. मग सारथीच नसलेल्या गाडीने एकटीने वाळवंट ओलांडून दाखवावे, असे कोणी म्हटले तर? अमेरिकेत २००४ आणि २००५ साली अशी शर्यत खरोखरीच झाली. तिची हकीकत मनोरंजक आहे आणि बोधप्रदही आहे.

अमेरिकेच्या संरक्षण खात्यात ‘दार्पा’ नावाची एक संस्था आहे. नव्या तंत्रांच्या संशोधनाला चालना देणे हे तिचे काम. रणभूमीवर रसद नेणाऱ्या गाड्या माणसावाचून चालल्या, तर कित्येक सैनिकांचे प्राण वाचतील, या विचाराने तिने ही शर्यत योजली. नियम कडक होते. गाडीत माणूस बसावयाचा नाही. दुरूनही कोणी ती चालवावयाची नाही. एकदा ती निघाली की तिला हात लावावयाचा नाही. कोणत्या वाटेने जावयाचे, हे शर्यतीपूर्वी केवळ दोन तास सांगितले जाई. दहा तासांच्या आत, सर्वांत कमी वेळात वाट पुरी करील तिला बक्षीस. पहिल्या वर्षी ते १० लाख डॉलरांचे होते.

शर्यतीसाठी मोहावी वाळवंट निवडले होते. वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या येतात. मोहावीचे रूप पुष्कळसे निराळे आहे. तेथे दगडगोट्यांनी भरलेल्या वाटा आहेत, आटलेल्या तलावांचे सपाट तळ आहेत, काटेरी झुडुपे आहेत आणि डोंगरांतून वळणे घेत जाणारे अरुंद घाटही आहेत.

१३ मार्च २००४ रोजी पहिली शर्यत झाली. अंतिम फेरीसाठी १५ वाहने निवडली होती आणि वाट सुमारे २२८ किलोमीटरांची होती. त्या दिवशी मात्र मोठीच निराशा पदरी आली. चालकावाचून धावणारी एक मोटारसायकल आरंभालाच आडवी झाली. तिचा तोल राखणाऱ्या यंत्राची कळ दाबावयाची राहून गेली होती! टेरामॅक्स नावाच्या प्रचंड मालमोटारीने दोन किलोमीटरांच्या आतच वाटेकडेची झुडुपे पाहिली आणि त्यांना भिऊन ती मागे सरू लागली. कार्नेगी मेलन विद्यापीठाची सँडस्टॉर्म ही गाडी सर्वांत पुढे गेली. पण तीही सुमारे १२ किलोमीटरांवर एका आवळ वळणावर वाट सोडून मातीच्या उंचवट्यावर अडकली. तिची चाके जागच्या जागी फिरू लागली आणि त्यांतून धूर निघू लागला. बक्षीस कोणालाच मिळाले नाही.

ह्या गाड्यांची इंजिने दुबळी होती काय? मुळीच नाही. मोठमोठे दगड चिरडून जातील अशा त्या बळकट होत्या. उणीव होती ती निराळीच. झुडूप दिसले तर ते वाकेल आणि दगड दिसला तर तो वाकणार नाही, हे लहान मूलही जाणते. यंत्राला हे कोण सांगणार? दिसणे वेगळे आणि दिसले त्याचा अर्थ कळणे वेगळे.

संस्थेने बक्षीस दुप्पट केले आणि पुढच्या वर्षी पुन्हा शर्यत जाहीर केली. अनेक संघ कामाला लागले. कार्नेगी मेलनच्या संघाने दोन दणकट गाड्या सिद्ध केल्या : जुनी सँडस्टॉर्म आणि नवी हायलँडर. वाट कळताच दोन तासांत नकाशांवरून तिचा कसून अभ्यास करावयाचा आणि कोठे किती वेगाने जावयाचे हे आधीच ठरवून द्यावयाचे, अशी त्यांची योजना होती. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संघाचे प्रमुख होते सेबास्टियन थ्रून. गाडीला वाट पाठ करून देण्यापेक्षा वाट ओळखावयास शिकवावे, यावर त्यांनी भर दिला. त्यांच्या गाडीचे नाव होते स्टॅनली.

स्टॅनलीच्या टपावर पाच लेझर यंत्रे बसविली होती. लेझरचा किरण समोरच्या वस्तूवर आदळून परत येतो. जाऊन येण्यास त्याला किती वेळ लागला, यावरून ती वस्तू किती दूर आहे हे संगणक ठरवितो. पण गाडी खडबडीत वाटेवर हिसके खाऊ लागली की टपावरची यंत्रेही हलत आणि मोजमाप चुके. जेथे काहीच नाही तेथे गाडीला अडथळा ‘दिसे’. आरंभीच्या चाचण्यांत मोकळ्या जमिनीपैकी शेकडा बारातेरा ठिकाणी असा भास होत असे.

यावर थ्रून आणि त्यांचे सहकारी यांनी एक नामी उपाय केला. त्यांनी माणसाला स्टॅनली चालवावयास लावली आणि जेथून चाके गेली ती जमीन सुरक्षित, असे संगणकाला दाखविले. कोणत्या मोजमापावर किती विश्वास ठेवावा, हे संगणक त्यावरून शिकला. मग असे भास पन्नास हजारांत एक इतके उतरले.

दुसरी अडचण अशी की लेझरची दृष्टी जेमतेम पंचवीस मीटरांपर्यंत पोचे. तेवढ्यावर विसंबून वेगाने धावणे धोक्याचे होते. तेव्हा दूरचे पाहण्यासाठी कॅमेऱ्याची मदत घेतली. लेझरने जवळची जमीन निर्धोक ठरविली की तिचा रंग कसा आहे हे कॅमेरा पाही, आणि तशाच रंगाची जमीन पुढे दूरवर शोधी. दूरची वाट स्पष्ट नसेल, तर स्टॅनली आपला वेग कमी करी.

८ ऑक्टोबर २००५ रोजी २३ वाहने नेवाडा राज्यातील प्रिम या गावाजवळून निघाली. ह्या वेळी वाट २१२ किलोमीटरांची होती. बराच वेळ हायलँडर आघाडीवर होती. पण तिच्या इंजिनाचा जोर मधूनमधून कमी होऊ लागला. एका लहानशा विद्युत् भागात दोष होता, हे त्याचे कारण पुढे बारा वर्षांनी, २०१७ साली सापडले. सुमारे १६३ किलोमीटरांवर स्टॅनलीने तिला मागे टाकले. अखेरीस एक अरुंद, नागमोडी घाट होता. एका बाजूस डोंगर आणि दुसऱ्या बाजूस खोल उतार. तोही तिने सावकाश पार केला. तिला ६ तास ५३ मिनिटे ५८ सेकंद लागली. सँडस्टॉर्म सुमारे ११ मिनिटांनी कमी पडली आणि हायलँडर तिसरी आली. २३ पैकी २२ वाहने आदल्या वर्षीच्या विक्रमापलीकडे गेली आणि पाच वाहनांनी सबंध वाट पुरी केली. त्यांतील पाचवे वाहन कोणते, ठाऊक आहे? झुडुपांना भ्यालेली तीच मालमोटार, टेरामॅक्स! दहा तासांची मुदत टळली, रात्र पडली, तरी दुसऱ्या दिवशी उरलेली वाट चालून ती मुक्कामी पोचली.

ह्या शर्यतींत घडलेल्या कित्येक संशोधकांनी पुढे शहरांतील रस्त्यांवर चालकावाचून धावणाऱ्या मोटारी तयार करण्याचे काम हाती घेतले. अमेरिकेतील काही शहरांत आज अशा मोटारी उतारूंची ने-आण करतात. त्यांच्याही हातून चुका होतात आणि सुधारणा चालूच आहे.

स्टॅनली जिंकली ती काही तिचे डोळे कधी चुकत नव्हते म्हणून नव्हे. डोळे चुकू शकतात हे तिच्या कर्त्यांनी आधीच ओळखले होते, आणि शंका आली असता हळू चालावयास तिला शिकविले होते. चांगल्या सारथ्याच्या अंगीही हाच गुण असावा लागतो. मग तो सारथी मनुष्य असो की यंत्र.