थौरची गुहा

मक्केच्या दक्षिणेस थौर नांवाचा एक रुक्ष डोंगर आहे. इ. स. ६२२ मध्यें कुरैशांनीं महंमद पैगंबरांच्या वधाचा बेत केला, तेव्हां ते व त्यांचे स्नेही अबू बक्र येथील गुहेंत तीन रात्री दडून राहिले. जावयाचें होतें उत्तरेस, मदिनेला. पाऊल वळलें दक्षिणेस! पाठलाग करणारांस चकविण्याची ही युक्ति. पकडून देणारास शंभर उंटांचें बक्षीस लागलें होतें.

गुहेच्या तोंडावर कोळ्यानें जाळें विणलें, ही कथा सर्वतोमुखीं आहे. कुराणांत गुहेचा प्रसंग आहे, पण तेथें कोळी नाहीं. आम्हांस त्याहून जुन्या चरित्रकारांनीं सांगितलेली अबू बक्रांच्या घरची हकीकत अधिक मोलाची वाटते. पुत्र अब्दुल्ला दिवसा मक्केंत कानोसा घेई व रात्रीं वार्ता पोंचवी. आमिर नांवाचा, दास्यांतून मुक्त केलेला सेवक मेंढरें तिकडे हांकी; त्यामुळें दूधहि मिळे आणि अब्दुल्लाच्या पाउलखुणाहि बुजत. कन्या अस्मा शिदोरी घेऊन आली, परंतु ती बांधावयास दोरी आणावयाची राहिली होती. तिनें कमरेचा पट्टा फाडून त्याचे दोन केले. 'दोन कमरपट्ट्यांची' हें नांव तिला जन्मभर चिकटलें.