वाळुंजाची काडी लावताय? आधी नर की मादी ते बघा

वाळुंज हे आडनाव म्हणून तुम्हाला माहीत असेल, गावाचं नाव म्हणूनही. पण ते एक झाडही आहे. नदी-ओढ्यांच्या काठी वाढणारं, आपल्याकडचं अस्सल देशी विलो. शास्त्रीय नाव सॅलिक्स टेट्रास्पर्मा. (नर्सरीत मिळणारा, फांद्या खाली सोडणारा 'वीपिंग विलो' वेगळा, तो मूळचा चीनचा.) मोकळं सोडलं तर याचं झाड होतं, पण दरवर्षी बुंध्याजवळ छाटलं की खालून नवे फुटवे येतात आणि छान झुडूप राहतं.

बागेत जी जागा कायम ओली असते, म्हणजे मोरीचं पाणी जातं तिथे किंवा विहिरीच्या कडेला, तिथे बाकीची झाडं कुजतात. कारण साधं आहे. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे 10,000 पट हळू पसरतो, त्यामुळे चिखलात मुळं गुदमरतात. विलोच्या मुळांमध्ये हवेच्या पोकळ्या तयार होतात आणि वरचा ऑक्सिजन त्यांतून खाली पोचतो. अर्थात ओल म्हणजे डबकं नव्हे, डास कशाला पाळायचे!

लावायचं कसं? काडी खोचायची, बस. पावसाळ्याच्या तोंडावर पेन्सिलीपेक्षा थोडी जाड, हातभर काडी घ्या, डोळे वरच्या दिशेला ठेवा आणि अर्ध्याहून जास्त भाग मातीत गाडा. विलोच्या सालीखाली मुळांचे अंकुर बऱ्याचदा आधीच तयार असतात, फक्त ओलीची वाट बघत असतात. पुरात मोडलेली फांदी खालच्या वाळूत अडकते आणि तिथेच रुजते, ती यामुळेच. ऊन भरपूर हवं. पाइप, टाकी आणि घराच्या पायापासून मात्र लांब लावा, कारण मुळं पाण्याचा माग काढत जातात.

खरी गोम पुढे आहे. वाळुंजात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. काडी म्हणजे मूळ झाडाची हुबेहूब प्रत, लिंगासकट. एकाच झाडाच्या पन्नास काड्या ओढ्याकाठी लावल्या तर फोटोत हिरवाई मस्त दिसते, पण ते खरं तर पन्नास ठिकाणी उभं असलेलं एकच झाड असतं. सगळे नर असतील तर बी धरणारच नाही. सगळ्या मादी असतील आणि आसपास नर नसेल, तरी तेच. शिवाय एखादा रोग आला तर सगळी सारखीच बळी पडणार.

बियांचा साठा करून ठेवू म्हणाल, तर विलोचं बी अगदी बारीक, कापसासारखे तंतू लावून उडणारं, आणि थोड्याच दिवसांत मरणारं. त्या दिवसांत उघडी ओली माती मिळाली तरच रोप.

म्हणून काड्या आणण्याआधी फुलोरा बघून ठेवा. पावसाळा सरल्यावर, थंडीच्या सुमारास शेपटीसारखे तुरे येतात. पिवळे, परागांनी भरलेले असतील तर नर. हिरवट असतील, आणि पुढे त्यांतून पांढरा कापूस सुटला, तर मादी. त्या झाडांना तेव्हाच सुतळी बांधून खूण करा, जूनमध्ये नुसत्या पानांवरून काही कळत नाही. एका झाडाच्या एक-दोनच फांद्या घ्या, आणि शक्य असेल तर चार-पाच वेगवेगळ्या झाडांच्या. बागेत एकाचीच जागा असेल आणि अंगणात कापूस नको असेल, तर नर लावा.