‘इस्कूल’ म्हणणाऱ्या मुलाला हसू नका

उर्दू बोलणाऱ्या घरातलं मूल ‘स्कूल’ला ‘इस्कूल’ म्हणतं. वर्गात हशा पिकतो आणि ते मूल इंग्रजी बोलायचंच टाळू लागतं. दोष त्याचा नाही. बोलण्यातल्या उर्दूत शब्दाच्या सुरुवातीला असं जोडाक्षर सहसा येत नाही, म्हणून जीभ ‘इ’चा आधार घेते. ‘स्थळ’, ‘स्वच्छ’ म्हणणाऱ्या मराठी मुलाला ‘स्कूल’ जड जात नाही; पण ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्हींसाठी तेही एकच ‘व’ वापरतं. मातृभाषा प्रत्येकाच्या इंग्रजीत डोकावतेच.

पोलिश मातृभाषेचे जोसेफ कॉनरॅड (१८५७–१९२४) विशीत इंग्रजी शिकले आणि इंग्रजीतले थोर कादंबरीकार झाले. बोलण्यातला परका सूर मात्र अखेरपर्यंत गेला नाही.

लहान वयात नवे ध्वनी लवकर जमतात, मोठेपणी मेहनत लागते. ही मेहनत आपल्याला नवी नाही. कुरआन शिकवताना उस्ताद हर्फांचे मखरज दाखवतात: ‘ऐन’ घशातून, ‘क़ाफ’ जिभेच्या मुळापासून. अडखळत, कष्टाने तिलावत करणाऱ्याला दुहेरी सवाब असल्याचं हदीसमध्ये आलं आहे.

इंग्रजीलाही हाच सब्र द्या. ‘व्ही’साठी वरचे दात खालच्या ओठाला लावा, ‘डब्ल्यू’साठी ओठ गोल करा. रोज पाच मिनिटं पुरेत. समोरच्याला नीट कळावं, एवढंच ध्येय ठेवा. चूक जरूर सुधारा, पण मुलाचं वाक्य पूर्ण झाल्यावर आणि चारचौघांत नव्हे.