मुलांचा स्वभाव आणि वर्गातील परिस्थिती

प्राथमिक शाळेतील शिक्षकाला वर्षाच्या प्रारंभी तीस-चाळीस अपरिचित मुलांचा परिचय करून घ्यावा लागतो. आठ-पंधरा दिवसांतच त्याच्या मनात प्रत्येक मुलाविषयी एकेक विशेषण स्थिर होते. अमुक मुलगा लबाड, तमुक मुलगी लाजाळू, मागच्या रांगेतील तो भांडखोर, खिडकीपाशी बसणारी ती कष्टाळू. विशेषणांवाचून व्यवहार चालत नाही, हे खरे. परंतु एकदा चिकटलेले विशेषण सहसा सुटत नाही. ते प्रगतिपुस्तकात उतरते, पुढच्या इयत्तेच्या शिक्षकाच्या कानी जाते, पालकांच्या तोंडी बसते, आणि अखेरीस ते मूलही स्वतःकडे त्याच नजरेने पाहू लागते. म्हणून अशी विशेषणे कितपत खरी असतात, याचा विचार प्रत्येक शिक्षकाने करणे अगत्याचे आहे.

आपल्या भाषेत या प्रश्नाची दोन्ही उत्तरे म्हणींच्या रूपाने पूर्वीपासून आहेत. ‘स्वभावाला औषध नाही’ असे एक म्हण सांगते. तर ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ असे दुसरी सांगते. पहिलीचा भर माणसाच्या अंगभूत गुणांवर आहे, दुसरीचा संगतीवर व परिस्थितीवर. मानसशास्त्राच्या दोन शाखा या दोन बाजूंनी माणसाचा अभ्यास करतात. व्यक्तिमत्त्वाचे मानसशास्त्र माणसामाणसांतील भेद शोधते. सामाजिक मानसशास्त्र इतरांच्या सहवासाने व प्रसंगाने माणसाचे वर्तन कसे बदलते हे पाहते.

१. व्यक्तिमत्त्व म्हणजे काय?

नित्याच्या बोलण्यात ‘भारदस्त व्यक्तिमत्त्व’ असे आपण म्हणतो, तेव्हा रूप, पोशाख व बोलण्याची ढब एवढेच मनात असते. शास्त्रीय अर्थ याहून व्यापक आहे. विचार करण्याची, भावना अनुभवण्याची व वागण्याची जी रीत एका व्यक्तीत बऱ्याच अंशी टिकून राहते आणि तिला इतरांपासून वेगळी करते, तिला व्यक्तिमत्त्व म्हणतात.

या विषयाला स्वतंत्र शास्त्राचे रूप देण्यात अमेरिकेतील गॉर्डन ऑलपोर्ट यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी व हेन्री ओडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसांतील भेद दाखविणारे शब्द निवडले. ते सुमारे १८,००० भरले. पुढील अभ्यासकांनी अशा शब्दांची छाननी करून, एकमेकांशी जुळणारे गुण एकत्र आणून पाच ठळक परिमाणे ठरविली: नव्या अनुभवांची आवड, कर्तव्यतत्परता, बहिर्मुखता, सौजन्य आणि भावनिक अस्थिरता.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. ही परिमाणे म्हणजे माणसे कोंबून ठेवण्याची खोकी नव्हेत. उंचीप्रमाणे ती कमीअधिक मापाची असतात. जगात ‘उंच’ व ‘बुटकी’ अशा दोनच जाती नसतात, तशा ‘बोलकी’ व ‘अबोल’ अशाही नसतात. बहुसंख्य मुले मधल्या मापाची असतात.

२. वर्तन कशावर अवलंबून असते?

जर्मनीतून १९३३ मध्ये अमेरिकेत गेलेले मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १९३६ मध्ये एक सुटसुटीत सूत्र मांडले. कोणतेही वर्तन हे व्यक्ती आणि तिची परिस्थिती या दोहोंच्या मिळून होणाऱ्या परिणामावर अवलंबून असते, असा त्याचा आशय आहे. बी सारखे असले तरी खडकाळ माळावर व काळ्या जमिनीत पीक सारखे येत नाही. आणि जमीन एकच असली तरी ज्वारीच्या बियाला भात लागत नाही. दोन्ही बाजू ध्यानात घेतल्यावाचून हिशेब पुरा होत नाही.

लेविन, रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांनी आयोवा येथे केलेला प्रयोग १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा-अकरा वर्षांच्या मुलांची लहान मंडळे करून त्यांना मुखवटे बनविण्यासारखी हस्तकामे देण्यात आली. काही ठिकाणी प्रमुख केवळ हुकूम सोडी; काही ठिकाणी तो मुलांशी विचारविनिमय करून काम ठरवी; तर काही ठिकाणी मुलांना तो पूर्णपणे मोकळे सोडी. हुकमी प्रमुखाच्या मंडळांत काही वेळा मुले निमूट व निरुत्साही बनली, तर काही वेळा ती एकमेकांवर तुटून पडू लागली. प्रमुख बाहेर जाताच तेथले काम मंदावे. विचारविनिमयाने चालणाऱ्या मंडळांत मात्र तो नसतानाही काम बरेचसे चालू राही. विशेष हे की, प्रमुखाची रीत बदलली की त्याच मुलांचे वागणेही बदले. मुले तीच, स्वभाव तेच. बदलली होती ती वातावरणाची घडण.

३. प्रामाणिकपणाची परीक्षा

मुलाच्या स्वभावाविषयी सर्वांत तत्परतेने जे मत दिले जाते, ते प्रामाणिकपणाविषयी. या एकाच गुणाचा कसून शोध ह्यू हार्टशॉर्न व मार्क मे या दोघा अमेरिकन संशोधकांनी घेतला. त्यांचे या विषयावरील पुस्तक १९२८ मध्ये निघाले. आठ ते सोळा वर्षे वयाच्या हजारो शाळकरी मुलांची त्यांनी पाहणी केली. मुलांना प्रश्न विचारून मते गोळा करण्यापेक्षा, मोहाचा प्रसंग प्रत्यक्ष निर्माण करून मूल काय करते हे त्यांनी पाहिले.

त्यांच्या युक्त्या मोठ्या मार्मिक होत्या. मुलांच्या उत्तरपत्रिका जमा करून त्यांची गुपचूप नक्कल करून ठेवायची, आणि मग त्या उत्तरांच्या यादीसह मुलांना परत देऊन आपले गुण आपणच घालावयास सांगायचे. नक्कल मूळ पत्रिकेशी ताडून पाहिली, की कोणी उत्तरे फिरविली ते कळे. दुसऱ्या एका परीक्षेत डोळे मिटून कागदावरील लहानमोठ्या वर्तुळांत आकडे लिहावयाचे असत. खरोखर डोळे मिटलेल्या माणसाला किती यश येऊ शकते हे आधीच मोजलेले असल्याने, फार सुरेख निकाल आला तर मूल डोळे किलकिले करून पाहत होते हे सिद्ध होई. आणखी एकीत नाण्यांची कोडी सोडवून डबी परत द्यावयाची असे. सर्व नाणी परत आली की नाही ते नंतर पाहिले जाई. शारीरिक सामर्थ्याच्या स्पर्धेत मुलाने आपले आकडे एकट्यानेच टिपावयाचे असत.

‘प्रामाणिक’ व ‘अप्रामाणिक’ असे मुलांचे दोन स्वच्छ गट पडतील, अशी सर्वसाधारण समजूत होती. निष्कर्ष निराळा निघाला. वर्गात उत्तरे फिरविणारे मूल पैशाच्या बाबतीत चोख असू शके. नाण्यांना हात लावणारे मूल खेळात खरे आकडे लिही. एका प्रकारच्या प्रसंगावरून दुसऱ्या प्रकारच्या प्रसंगातील वर्तनाचा अंदाज फारच थोडा बांधता येई. मात्र प्रसंग सारखेच असले, तर वर्तनातही बरेच सातत्य दिसे. प्रामाणिकपणा ही मुलाच्या ठायी असलेली एकजिनसी वस्तू नसून, निरनिराळ्या प्रसंगांशी जखडलेल्या सवयींचा तो समुच्चय आहे, असे मत त्या दोघांनी मांडले. सत्य कशास म्हणावे याचे ज्ञान आणि सत्याने वागणे यांचा संबंधही त्यांना अपेक्षेपेक्षा सैल आढळला. शिवाय एका वर्गातील मुले या बाबतीत एकमेकांसारखी होत जातात, आणि शिक्षक-विद्यार्थ्यांत जिव्हाळ्याचे संबंध असलेल्या ठिकाणी फसवणूक कमी होते, हेही त्यांच्या नजरेस आले.

पुढे १९६३ मध्ये रॉजर बर्टन यांनी त्याच माहितीचे पुन्हा गणित मांडून दाखविले की, निरनिराळ्या प्रसंगांतून जाणारा प्रामाणिकपणाचा एक बारीकसा समान धागा आढळतो. म्हणजे स्वभाव अगदीच निरर्थक ठरत नाही. पण एका प्रसंगावरून मुलाला ‘लबाड’ ठरविण्याइतका तो धागा जाड नाही.

४. ‘असे झाले, तर असे वागतो’

वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्ये लिहिलेल्या ग्रंथामुळे या प्रश्नावर मोठा वाद झाला. स्थिर स्वभावाची कल्पनाच टाकून द्यावी की काय, अशी शंका निघाली. वादातून समन्वयाची वाटही निघाली. युइची शोडा, मिशेल व जॅक राइट यांनी एका उन्हाळी शिबिरातील मुलांच्या वर्तनाची बारकाईने टिपणे केली; ते काम १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांच्या भांडणांची केवळ बेरीज केली तर दोन मुले सारखीच भांडखोर ठरत. पण भांडण केव्हा झाले हे पाहिले, तर एक मूल वडील माणसाने दरडावले की उसळे, आणि दुसरे सोबत्यांनी चिडविले की. त्या त्या मुलापुरता हा आकृतिबंध बराचसा कायम राही.

शिक्षकाच्या दृष्टीने हा शोध फार मोलाचा आहे. ‘भांडखोर’ या शब्दाने दोन्ही मुले एका मापाने मोजली जातात आणि दोघांनाही एकच शिक्षा मिळते. पहिल्या मुलाला चढ्या आवाजात दटावणे म्हणजे विस्तवावर तेल ओतणे होय. दुसऱ्याला दटावून उपयोग नाही, कारण कारण सोबत्यांत आहे.

५. पाहणाऱ्याच्या दृष्टीतील दोष

मूल उशिरा आले तर ते ‘आळशी’. शिक्षकाला उशीर झाला तर एस.टी. वेळेवर नव्हती. दुसऱ्याच्या वर्तनाचे कारण त्याच्या स्वभावात शोधावे आणि परिस्थितीचा जोर विसरावा, हा कल सर्वत्र आढळतो. ली रॉस यांनी १९७७ मध्ये या कलाला कारणमीमांसेतील मूलभूत प्रमाद असे नाव दिले.

या प्रमादाचे प्रमाण सर्व समाजांत सारखे नसते. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिकागो येथील अमेरिकन व म्हैसूर येथील हिंदू, अशा लहानथोरांकडून ओळखीच्या माणसांच्या वर्तनाची कारणे विचारली. शिकागोतील प्रौढांनी स्वभावाकडे अधिक बोट दाखविले, म्हैसूरच्या प्रौढांनी नातेसंबंध व परिस्थितीकडे. आठ वर्षांच्या मुलांत मात्र असा फरक विशेष नव्हता. तो वयाबरोबर वाढत गेला. यावरून कारणे शोधण्याची रीत माणूस समाजात राहून शिकतो असे दिसते. जी रीत शिकता येते, ती सुधारताही येते.

६. अपेक्षेचे बळ

विशेषण मनात ठेवले तरी काय बिघडले, असा प्रश्न येथे उद्भवेल. रॉबर्ट रोझेन्थल व लेनोर जेकबसन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेच्या शिक्षकांना सांगण्यात आले की, सुमारे २० टक्के मुले यंदा बुद्धीने झपाट्याने फुलतील. प्रत्यक्षात ती नावे यदृच्छेने निवडली होती. वर्षाअखेर पहिली-दुसरीतील त्या मुलांची बुद्धिमापन-चाचणीतील प्रगती इतरांहून अधिक दिसली. या प्रयोगाच्या पद्धतीवर कडक टीका झाली, आणि पुढील अभ्यासांत शिक्षकाच्या अपेक्षेचा परिणाम बहुधा बेताचाच आढळला. तथापि ज्या मुलांकडे समाज आधीच कमीपणाने पाहतो, त्यांच्यावर तो अधिक होतो, असे दिसून आले आहे.

आपल्या देशात याचा दाखला कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांच्या प्रयोगातून मिळतो. उत्तर प्रदेशातील ग्रामीण भागात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरील चक्रव्यूहाची कोडी सोडविण्यास दिली व यशाप्रमाणे पैसे दिले. जातीचा उच्चार न करता कोडी दिली, तेव्हा तथाकथित उच्च व नीच जातींतील मुलांच्या कामगिरीत भेद दिसला नाही. सर्वांसमक्ष नाव व जात वाचून दाखविताच मोठी दरी उत्पन्न झाली. बक्षीस माणसाच्या मर्जीऐवजी सोडतीवर अवलंबून ठेवले, तेव्हा ती दरी नाहीशी झाली. मुलांची बुद्धी घटकाभरात बदलली नव्हती. आपल्याला न्याय मिळेल की नाही, हा विश्वास तेवढा हलला होता.

७. शिक्षकांसाठी काही सूचना

(१) प्रगतिपुस्तकातील वर्णनात्मक नोंदीत स्वभावाचे विशेषण लिहिण्याऐवजी पाहिलेले वर्तन व त्याचा प्रसंग लिहावा. ‘लाजाळू आहे’ यापेक्षा ‘चार मुलांच्या गटात मोकळेपणी बोलते, फळ्यापाशी उभे केल्यास गप्प होते’ ही नोंद पुढील शिक्षकाच्या उपयोगी पडते.

(२) एखाद्या मुलाविषयी मत बनविण्यापूर्वी त्याला निदान तीन ठिकाणी पाहावे: वर्गात, मैदानावर आणि मध्यान्ह भोजनाच्या पंगतीत.

(३) शिष्यवृत्ती, गणवेश वा अन्य कामासाठी जातीची माहिती घ्यावी लागते. ती वर्गात मोठ्याने वाचू नये. पालकांकडून वा कागदपत्रांवरून स्वतंत्रपणे घ्यावी.

(४) नक्कल करण्याचा मोह होईल अशी बैठक व घाई टाळावी. परिस्थिती सुधारण्याचा उपाय शिक्षेहून सोपा असतो.

(५) जुन्या शिक्षकाकडून आलेले विशेषण ऐकून घ्यावे; पण पहिले दोन महिने ते खरे मानू नये.

मुलाला स्वभाव नसतो, असे या विवेचनावरून कोणी समजू नये. कोणी उपजतच चपळ असते, कोणी संथ. ते भेद राहणारच. परंतु मुलाच्या स्वभावावर शिक्षकाची सत्ता थोडी आहे आणि वर्गाच्या परिस्थितीवर पुष्कळ. जेथे आपली सत्ता चालते, तेथे प्रयत्न करावा, हे शहाणपणाचे. ‘हा मुलगा असा का आहे?’ या प्रश्नाच्या जागी ‘हा मुलगा केव्हा असा वागतो, आणि केव्हा वागत नाही?’ हा प्रश्न शिक्षकाने स्वतःला विचारण्याची सवय लावली, तर एका विशेषणाच्या ओझ्याखाली दबलेले एखादे मूल त्याच्याच वर्गात मोकळे होण्याचा संभव आहे.